नाट्यशास्त्राचा अभ्यासक दिवसभर करतो तरी काय?

एप्रिल २०२५ मध्ये भरतमुनीच्या नाट्यशास्त्राची, म्हणजे नाट्यकलेवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथाची, आणि भगवद्गीतेची हस्तलिखितं युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' या नोंदवहीत दाखल झाली. त्याच्या सहा महिने आधी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होता. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या वर्गांत भारतीय ज्ञानप्रणाली नावाचा विषय येऊन बसला आहे. सांगलीत घरटी एक तरी नाटकवेडा निघतो, त्यामुळे या बातम्यांचा परिणाम थेट स्वयंपाकघरापर्यंत पोचतो. मुलगी म्हणते, बी.ए.नंतर नाट्यशास्त्रात संशोधन करायचंय. आई-वडील विचारतात, म्हणजे नेमकं करणार काय? आणि पगार कोण देणार?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. 'अभ्यासक' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर श्लोक म्हणून दाखवणारे, उद्‌घाटनाला शाल घेणारे गृहस्थ येतात. प्रत्यक्षात हे काम बरंचसं दुरुस्तीचं आहे. हाती आलेला मजकूर ठिकठिकाणी मोडका असतो. त्यातून रंगमंचावर काय उभं राहू शकतं आणि काय नाही, याचा निवाडा अभ्यासकाला करावा लागतो. त्यासाठी एकाच माणसाला संस्कृत-प्राकृत वाचता यावं लागतं आणि तालमीतही उभं राहिलेलं असावं लागतं. या क्षेत्रातल्या बहुतेक कारकिर्दी अडतात त्या या दोहोंतलं एक नसल्यामुळे.

ग्रंथात आहे तरी काय

नाट्यशास्त्र हे एका बैठकीत लिहिलेलं पुस्तक नाही. ढोबळमानाने इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक ते इसवी सनाचं दुसरं शतक या काळात त्याची जडणघडण झाली असं मानतात, आणि त्यावरही वाद आहेत. साधारण सहा हजार श्लोक आणि मधूनमधून गद्य. अध्याय काही आवृत्त्यांत ३६, काहींत ३७. हा फरक किरकोळ वाटतो, पण नवख्या संशोधकाचा पहिला अपघात इथेच होतो. एका आवृत्तीतला अध्याय-श्लोक क्रमांक दुसरीत जुळत नाही, आणि प्रबंधात दोन्ही आवृत्त्यांचे क्रमांक मिसळले की परीक्षकाला एकही संदर्भ सापडत नाही. म्हणून कोणती आवृत्ती वापरली हे पहिल्याच पानावर लिहायचं आणि शेवटपर्यंत तिलाच धरून राहायचं.

विषयांची व्याप्ती दांडगी आहे. नाटकाची उत्पत्ती, नाट्यगृहाची मापं, पूर्वरंग म्हणजे नाटकाआधीचे विधी, १०८ करणं म्हणजे हातापायांच्या एकत्रित हालचाली, डोळ्यांच्या ३६ दृष्टी, छंद, भाषा, वेशभूषा, २२ श्रुती, वाद्यं, आणि स्पर्धेत परीक्षक कोणाला नेमावं इथपर्यंत सगळं आहे. अभिनयाचे चार भाग केले आहेत: आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे बोलण्याचा, आहार्य म्हणजे वेश-रंग-वस्तूंचा आणि सात्त्विक म्हणजे घाम, कंप, अश्रू यांसारख्या आतून उमटणाऱ्या खुणांचा. ही चौकट आजही कुठल्याही अभिनय शिबिरात पहिल्या दिवशी सांगितली जाते. सांगणाऱ्याने मूळ ग्रंथ उघडलेला असतोच असं नाही, ते सोडा.

पोथीचं पुस्तक होईपर्यंत

एकोणिसाव्या शतकात युरोपीय अभ्यासकांची समजूत होती की नाट्यशास्त्र हरवलं आहे. फिट्झ-एडवर्ड हॉल यांनी १८६५ साली दशरूपक हा नाटकाच्या शास्त्रावरचा नंतरचा ग्रंथ छापला, त्याला जोडून या ग्रंथाचे काही अध्याय प्रसिद्ध केले. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १८९४ साली काव्यमालेत पूर्ण संहिता काढली. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत एम. रामकृष्ण कवी यांच्या संपादनाचा पहिला खंड १९२६ साली आला आणि चौथा १९६४ साली. म्हणजे एक ग्रंथ नीट छापून व्हायला जवळजवळ चार दशकं लागली.

उशीर लागण्याचं मुख्य कारण म्हणजे टीका. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने इसवी सन १००० च्या आसपास नाट्यशास्त्रावर अभिनवभारती ही टीका लिहिली. मूळ ग्रंथातलं बरंच काही आपल्याला तिच्यामुळे कळतं. पण ती काश्मीरात न सापडता केरळातल्या पोथ्यांमधून हाती आली, आणि तीही इतक्या भ्रष्ट स्वरूपात की खुद्द अभिनवगुप्त स्वर्गातून उतरला तरी त्याला आपला मूळ पाठ सहजी जुळवता येणार नाही, असं संपादकाने प्रस्तावनेत नोंदवून ठेवलं आहे. सातव्या आणि आठव्या अध्यायांवरच्या टीकेचा बराच भाग तर मिळालेलाच नाही.

अशा पोथ्यांवर काम कसं चालतं? एकाच ग्रंथाच्या जितक्या प्रती मिळतील तितक्या गोळा करायच्या. प्रत्येकीला खुणेचं अक्षर द्यायचं. मग एक श्लोक घेऊन सगळ्या प्रतींत तो कसा आहे हे शब्दाशब्दाने उतरवायचं. या फरकांना पाठभेद म्हणतात. चुकांचे प्रकार ठरलेले असतात. भ आणि म, घ आणि ध, प आणि य या जोड्या लेखनिकाच्या डोळ्याला फसवतात. दोन ओळींचा शेवट एकाच शब्दाने होत असेल तर मधली ओळ गळते. जुन्या देवनागरी पोथ्यांत एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता आधी उभ्या दांडीसारखी देतात, तिला पृष्ठमात्रा म्हणतात. ती काना समजून वाचली की शब्दच बदलतो. पोथीच्या शेवटच्या मजकुरात, म्हणजे पुष्पिकेत, काळ शकात किंवा संवतात असतो. शकात ७८ मिळवायचे, विक्रम संवतातून ५७ वजा करायचे, आणि महिना पाहून एका वर्षाचा फरक धरायचा.

दोन पाठ समोर आले आणि एक सोपा, एक अवघड असेल, तर बहुधा अवघड पाठ मूळ मानतात. लेखनिक कठीण शब्द सोपा करून टाकतो, सोपा शब्द मुद्दाम कठीण कोण करेल? पण हा नियम डोळे मिटून लावायचा नाही. अवघड पाठ कधीकधी नुसता चुकलेला असतो.

मत्तवारणीचं भांडण

या कामाचा रंगमंचाशी संबंध कसा येतो, हे दुसऱ्या अध्यायातल्या एका भांडणावरून चांगलं कळतं. भरताने नाट्यगृहाचे तीन आकार सांगितले आहेत: लांबट चौकोनी, समचौकोनी आणि त्रिकोणी. माणसांसाठी त्याची शिफारस मधल्या मापाच्या लांबट नाट्यगृहाची आहे, लांबी ६४ हात आणि रुंदी ३२ हात. हात म्हणजे २४ अंगुळं, सुमारे १८ इंच. तेव्हा हे झालं ९६ फूट बाय ४८ फूट. कारणही दिलं आहे: याहून मोठं केलं तर बोलणं अस्पष्ट होतं आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. निम्मी जागा प्रेक्षकांची, म्हणजे शेवटच्या ओळीतला माणूस मंचापासून फार तर ४८ फुटांवर. आजचे वास्तुरचनाकार नाटकासाठी ही मर्यादा साधारण २० मीटर धरतात, त्याच्या आत हे माप आरामात बसतं.

उरलेल्या निम्म्या जागेतली मागची १६ हात नेपथ्यगृहाला, म्हणजे रंगपटाला. पुढच्या १६ हातांत रंगशीर्ष आणि रंगपीठ, म्हणजे मंचाचा मागचा आणि पुढचा भाग. इथपर्यंत फारशी कुरबुर नाही. मग भरत म्हणतो, रंगपीठाच्या बाजूला चार खांबांची, दीड हात उंचीची मत्तवारणी करावी.

मत्तवारणी म्हणजे काय? कोणी म्हणतं मंचाच्या कडेचा ओटा. कोणी म्हणतं खांबांची पडवी. कोणाला त्यात माजलेल्या हत्तींच्या नक्षीची पट्टी दिसली. ती एक की दोन, हाही घोळ आहे. श्लोकात शब्द एकवचनी आहे, 'बाजूला' हेही एकवचनी. पण लगेच पुढच्या ओळीत 'त्या दोघांच्या' उंचीइतकं असं द्विवचन येतं. आता ही दोघं म्हणजे दोन मत्तवारण्या, की एक मत्तवारणी आणि दुसरं काही?

निव्वळ व्याकरणाने हा प्रश्न सुटत नाही. पण मैदानावर चुन्याने आखून बघितलं की काही उत्तरं आपोआप बाद होतात. रंगपीठ ८ हात खोल आणि १६ हात रुंद धरलं तर दोन्ही बाजूंना ८ बाय ८ हातांचे चौकोन उरतात, आणि १६ अधिक ८ अधिक ८ मिळून ३२ हातांची रुंदी बरोबर भरते. एकच मत्तवारणी धरली तर मंच एका अंगाला लंगडा होतो. नक्षीची पट्टी धरली तर चार खांब कशाला हवेत याचा खुलासा होत नाही. गोवर्धन पांचाळ यांच्यासारख्या अभ्यासकांनी मापं, नकाशे आणि प्रतिकृती यांच्या आधाराने हा प्रश्न लावून धरला, कारण त्यांना मंच बांधायचा कसा हे ठाऊक होतं. आमचं मत दोन पडव्यांच्या बाजूने आहे. पात्राला 'दुसऱ्या जागी' गेल्याचं दाखवायला दोन्ही अंगांना अशी जागा असली की कक्ष्याविभाग, म्हणजे एकाच मंचावर अनेक ठिकाणं मानण्याची रीत, सोपी जाते.

रसाची भानगड

सर्वांत जास्त बोललं जातं ते रसावर आणि सर्वांत जास्त गैरसमजही त्याबद्दलच आहेत. सहाव्या अध्यायातलं सूत्र छोटं आहे: विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो. विभाव म्हणजे भावना जागी करणारी परिस्थिती आणि माणसं. अनुभाव म्हणजे भावना बाहेर दिसते ती कृती. व्यभिचारी म्हणजे येऊनजाऊन असणारे भाव, जसे शंका, लाज, थकवा, एकूण ३३. रस आठ आणि त्यांच्या मुळाशी असलेले स्थायी भावही आठ. नववा शांत रस पुढे जोडला गेला.

दाखला भरतानेच जेवणाचा दिला आहे. आमटीत चिंच, गूळ, तिखट, गोडा मसाला प्रत्येक वेगळा असतो, पण ताटात येते ती त्यांतल्या कशाचीच नसलेली नवी चव. चाखणारा लागतो, हेही त्याच दाखल्यात आहे. म्हणूनच 'नटाने करुण रस केला' हे वाक्य ढिलं आहे. नट अनुभाव करतो, परिस्थिती लेखक उभी करतो, रस प्रेक्षकाकडे होतो. स्पर्धेतले परीक्षक 'रडणं खरं वाटलं नाही' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा विभाव कच्चा राहिलेला असतो. रडण्यामागचं कारणच प्रेक्षकापर्यंत पोचलेलं नसतं. दिग्दर्शक मात्र नटीला आणखी रडायला सांगतो.

छाया वाचणाऱ्यांची पंचाईत

संस्कृत नाटक हे नावालाच संस्कृत आहे. राजा, मंत्री, विद्वान ब्राह्मण संस्कृत बोलतात. स्त्रिया, विदूषक, सेवक, पहारेकरी प्राकृत बोलतात, म्हणजे त्या काळच्या बोलींवरून घडलेल्या साहित्यिक भाषा. सर्वसाधारण रीत अशी की गद्य शौरसेनीत आणि स्त्रियांची गाणी महाराष्ट्रीत, जी मराठीची पूर्वज मानली जाते.

छापील पुस्तकांत प्रत्येक प्राकृत वाक्याखाली त्याचं संस्कृत रूपांतर असतं, त्याला छाया म्हणतात. परीक्षार्थी प्राकृत गाळतो आणि छाया वाचतो. पुढे तोच प्राध्यापक होतो आणि छायाच शिकवतो. संस्कृत नाट्यस्पर्धेतले संघही पुष्कळदा छायाच पाठ करतात, कारण ती सोपी जाते. परिणाम असा की राणी आणि राजा, चोर आणि न्यायाधीश सगळे एकाच भाषेत बोलू लागतात आणि नाटकातली सामाजिक उतरंड पुसली जाते.

मृच्छकटिकात हे नुकसान सर्वांत मोठं होतं. दहा अंकांच्या या नाटकात प्राकृतांचे अनेक प्रकार आहेत. राजाचा मेहुणा शकार स च्या जागी श आणि र च्या जागी ल उच्चारतो, वर पुराणांचा असा बोजवारा उडवतो की नायिका वसंतसेनेला म्हणतो, कुंती जशी रावणाच्या तावडीत सापडली तशी तू माझ्या तावडीत सापडलीस. हा विनोद छायेत अर्धा मरतो. सांगलीजवळच्या हरिपूरला १८५५ साली जन्मलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणलं. मूळातली कोणती बोली कुठे गेली आणि तिच्या जागी काय आलं, एवढ्या एका प्रश्नावर चांगला प्रबंध होऊ शकतो. 'कालिदासाच्या नाटकांतील स्त्रीपात्रे' या विषयावर आणखी एक प्रबंध होण्यापेक्षा हे बरं.

शाकुंतलाच्या बाबतीत तर आधी 'कोणतं शाकुंतल' हे विचारावं लागतं. बंगाली, देवनागरी, काश्मिरी आणि दाक्षिणात्य अशा त्याच्या वेगवेगळ्या परंपरा आहेत. बंगाली पाठातला तिसरा अंक बराच मोठा आणि उघडपणे शृंगारिक आहे. विल्यम जोन्स यांचं १७८९ सालचं इंग्रजी भाषांतर त्याच पाठावरून झालं आणि युरोपला शकुंतला भेटली ती तशी. दिग्दर्शकाने बाजारातलं पहिलं मिळेल ते पुस्तक उचललं की हा निर्णय नकळत प्रकाशकाने घेतलेला असतो.

शिकवायचं कसं

या विषयाचा शिक्षक फळ्यासमोर जेवढा असतो तेवढाच तालमीच्या सतरंजीवर असायला हवा. पहिला धडा श्वासाचा. शार्दूलविक्रीडितात ओळीला १९ अक्षरं आणि १२ व्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. मंदाक्रांतेत १७ अक्षरं, थांबे आधी ४, मग ६, मग ७ अक्षरांनंतर. नटाने श्वास इथे घ्यायचा, अर्थ तुटतो तिथे नाही. पण अर्थ आणि यती यांची जुळणी नसेल तर यतीवर आवाज न पाडता नुसता श्वास चोरायचा असतो, आणि हे जमायला आठवडे लागतात.

आपल्याकडे यात एक खास अडचण येते. मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडितात असल्यामुळे दुष्यंताने त्या वृत्तातला श्लोक सुरू केला की चाल आपोआप लग्नाची लागते आणि प्रेक्षागृहात खसखस पिकते. उपाय साधा आहे. पहिले काही दिवस श्लोक चालीवर म्हणायचाच नाही, गद्यासारखा बोलायचा, लघु-गुरू मात्र सांभाळायचे. चाल नंतर, दिग्दर्शकाला हवी असेल तर.

दुसरा धडा हालचालींचा, आणि इथे शिक्षकाने स्वतःची मर्यादा ओळखावी. ग्रंथात करणाचं वर्णन एक-दोन ओळींत असतं. कंबर कुठे, हात कुठे हे सांगितलेलं असतं, पण त्या स्थितीपर्यंत शरीर कसं न्यायचं हे नसतं. त्यासाठी देवळांवरची शिल्पं, नृत्यपरंपरा आणि केरळातलं कूडियाट्टम यांचा आधार घेतात. कूडियाट्टम ही संस्कृत नाटकाची अखंड चालत आलेली परंपरा, २००१ साली युनेस्कोने गौरवलेली. पण तिथे एक अंक करायला अनेक रात्री लागतात आणि तिचे स्वतःचे नियम आहेत. तीच जशीच्या तशी भरताची पद्धत, असं वर्गात सांगू नये.

'मग भावेंचं नाटक नाट्यशास्त्रातूनच आलं ना?'

५ नोव्हेंबर, म्हणजे मराठी रंगभूमी दिन, जवळ आला की सांगलीत हा प्रश्न हमखास निघतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने सीतास्वयंवर केलं. त्या नाटकांची सुरुवात सूत्रधार, विदूषक, गणपती, सरस्वती अशी होई. भरताच्या पूर्वरंगाची एकोणीस अंगं आहेत, नऊ पडद्याआड आणि दहा पडद्याबाहेर. त्यांतल्या त्रिगत नावाच्या अंगात सूत्रधार, त्याचा सहकारी आणि विदूषक यांचं बोलणं असतं. साम्य डोळ्यांत भरतं, नाकारण्यात अर्थ नाही.

तरी 'सारखं आहे' आणि 'त्यातून आलं आहे' यांत फरक करणं हेच अभ्यासकाचं काम. भाव्यांना प्रेरणा मिळाली ती कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांवरून, म्हणजे यक्षगानाच्या घराण्यातून. भरताचा ग्रंथ आणि भावे यांच्यामध्ये दीड हजाराहून जास्त वर्षांचं अंतर आहे. देवतेला वंदन आणि विनोदी पात्राशी संवाद ही सुरुवात दशावतारात आहे, तमाशाच्या गणातही आहे. भाव्यांच्या हाती भरताचा ग्रंथ होता असा पुरावा दाखवता येत नसेल, तर 'लोकपरंपरेतून झिरपलेलं साम्य' एवढंच म्हणावं. गावाच्या अभिमानाला हे थोडं कमी वाटेल. पण कन्नड खेळ पाहून मराठीत नवीन प्रकार घडवणं ही भाव्यांची कामगिरी संस्कृत वंशावळीशिवायही भक्कम उभी राहते.

'हे सगळं वरच्या जातींचं, आज कशाला हवं?'

आक्षेप टाळण्यासारखा नाही. पहिल्या अध्यायात नाट्य हा सर्व वर्णांसाठी पाचवा वेद असल्याचं म्हटलं आहे आणि व्याख्यानांत तेवढंच उद्धृत होतं. शेवटच्या अध्यायात मात्र भरताचे पुत्र ऋषींची टिंगल करतात आणि शूद्र होण्याचा शाप मिळवतात. म्हणजे नटांचं सामाजिक स्थान घसरलेलं होतं, आणि ग्रंथ त्याचं कारण गोष्टीत सांगतो. दोन्ही उतारे शेजारी ठेवून शिकवले तर विद्यार्थ्याला ग्रंथ कळतो. एकच दाखवला तर त्याला फक्त बाजू कळते. शिवाय भूमिका कोणी कराव्यात यावरही त्यात विचार आहे. वयाला-देहाला साजेशी भूमिका, न साजेशी भूमिका, आणि पुरुषाने स्त्रीची किंवा स्त्रीने पुरुषाची, असे प्रकार केले आहेत. मिरजेत १९०५ साली बालगंधर्व शकुंतला म्हणून उभे राहिले, त्या परंपरेबद्दल बोलताना ही पानं उघडायला हरकत नाही.

'भाषांतर आता यंत्र करतं, मग माणूस कशाला?'

छापील देवनागरीचं यंत्राने वाचन आता बरंच नीट होतं आणि सोप्या श्लोकाचा अर्थही मिळतो. त्याचा उपयोग जरूर करावा, शब्दसूची करायला तर फारच. अडचण पुढे आहे. पोथीत शब्द तोडलेले नसतात, ओळ सलग वाहते, संधी कुठे सोडवायचा हे अर्थावर ठरतं. आणि मजकूर भ्रष्ट असेल तर माणूस अडतो, यंत्र अडत नाही. ते चुकलेल्या ओळीतूनही गुळगुळीत वाक्य काढून देतं. अभिनवभारतीसारख्या ग्रंथात जिथे अर्थ लागत नाही तिथे 'लागत नाही' असं लिहिणं हा संपादनाचा भाग आहे.

पगार, परीक्षा आणि खाचखळगे

आता वडिलांचा प्रश्न. या क्षेत्रात शिरायच्या दोन वाटा आहेत. एक संस्कृतची: संस्कृतात एम.ए., मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा, मग संशोधन. दुसरी नाट्यविभागाची: मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांतले विभाग किंवा दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. विद्यापीठांतल्या नाट्यविभागांत मुख्य भर आधुनिक अभिनय-दिग्दर्शनावर असतो आणि भरताचा ग्रंथ अभ्यासक्रमाचा एक भाग असतो, हे प्रवेशाआधीच माहीत असलेलं बरं. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव दोन्ही लागतात.

नेटला संस्कृत हा विषय वेगळा आणि नृत्य-नाट्य हा प्रयोगकलांचा विषय वेगळा. एम.ए.ला खुल्या गटात ५५ टक्के हवेत. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००, हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. ऐकायला छान. पण कायम जागा क्वचित निघतात आणि मधली वर्षं तासिका तत्त्वावर काढावी लागतात. तिथे जितके तास तितके पैसे, आणि सुट्टीत काहीच नाही. हे घरात आधी स्पष्ट बोलून घ्यावं.

म्हणून शहाणे लोक तीन-चार कामं जोडून चालतात: महाविद्यालयात तास, पोथ्यांच्या सूचीचं किंवा कोशाचं प्रकल्पातलं काम, राज्य नाट्यस्पर्धेतल्या संस्कृत आणि संगीत नाटकांच्या संघांना मार्गदर्शन, भाषांतर. केंद्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञानभारतम् या हस्तलिखित मोहिमेची घोषणा झाली, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचं सर्वेक्षण आणि जतन हे तिचं उद्दिष्ट. लिपी वाचता येणाऱ्याला अशा कामांत जागा असते.

एका कारकिर्दीचा नकाशा पाहायचा तर मद्रासच्या व्ही. राघवन (१९०८-१९७९) यांचा पाहावा. प्रबंध भोजराजाच्या शृंगारप्रकाश या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथावर. संस्कृत हस्तलिखितांच्या महासूचीचं काम वर्षानुवर्षं. विद्यापीठात अध्यापन. नाव उरलं पण संहिता गेली अशा रामनाटकांचे तुकडे शास्त्रग्रंथांतल्या उद्धरणांतून वेचून काढले. आणि १९५८ साली संस्कृत रंग ही संस्था काढून संस्कृत नाटकं प्रत्यक्ष मंचावर आणली. सूचीचं काम रुक्ष, त्याला टाळ्या नाहीत, पण हरवलेल्या नाटकांचा माग लागतो तो असल्याच कामातून.

सांगलीतून सुरुवात

संस्कृत शून्य असेल तरी चालतं, पण दोन वर्षं प्रामाणिकपणे द्यावी लागतात. रोज एक तास धरला तर पहिले सात-आठ महिने संधी, विभक्ती, समास आणि क्रियापदांची रूपं. मग भासाचं एखादं एकांकी नाटक, ऊरुभंग किंवा दूतवाक्य, वाक्यं छोटी असतात. भासाची म्हणून ओळखली जाणारी तेरा नाटकं टी. गणपतिशास्त्रींना त्रिवेंद्रमच्या परिसरात सापडली आणि १९१२ पासून छापली गेली. त्यानंतर स्वप्नवासवदत्त, मग शाकुंतलाचा चौथा अंक, मग मृच्छकटिकाचा पहिला अंक छाया झाकून. शास्त्रात शिरताना थेट अभिनवभारतीला भिडू नये. धनंजयाचं दशरूपक दहाव्या शतकातलं, आटोपशीर आणि नेटकं आहे. ते झालं की नाट्यशास्त्राचे पहिला, दुसरा आणि सहावा हे अध्याय. भरताचे श्लोक सोपे आहेत, कठीण आहे ती टीका. सहाव्या अध्यायावरची टीका मराठीत हवी असेल तर र. पं. कंगले यांचं काम हाताशी ठेवावं.

सांगलीत १९१९ पासून विलिंग्डन महाविद्यालय आहे, विद्यापीठ कोल्हापुरात आहे. पोथ्या पाहायच्या तर पुण्याचं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि साताऱ्याकडे वाईची प्राज्ञपाठशाळा. संस्कृत शिकत असतानाच एखाद्या नाट्यसंस्थेत शिरावं, आणि तिथे नुसती भूमिका मागू नये. प्रकाशयोजना, रंगभूषा, पडदा ओढणं यांतलं मिळेल ते करावं, कारण आहार्य अभिनयाचा अध्याय वाचताना हाच अनुभव उपयोगी पडतो.

पोथीपाशी जाताना पेन बाहेर ठेवायचं, फक्त शिसपेन्सिल. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही. पानं सुटी असतात, म्हणून एका वेळी एकच उचलून त्याच क्रमाने पालथं ठेवायचं. छायाचित्राची परवानगी आधी लेखी घ्यायची. आणि जाण्यापूर्वी छापील सूचीतून पोथीचा क्रमांक काढून अर्जात लिहायचा. नुसती 'नाट्यशास्त्राची पोथी बघायची आहे' असं सांगितलं तर ग्रंथपाल सूचीच हातात देतात, आणि पहिला दिवस क्रमांक शोधण्यातच जातो.